घराची किल्ली द्याल का?

"दोन मिनिटं बोलू शकता का?" असं फोनवर पलीकडच्या मुलीने विचारलं तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं, कारण ते वाक्य तिचंच होतं. पण ती तेव्हा ऑफिसच्या जिन्यात उभी राहून सफरचंद खात होती, तोंड भरलेलं होतं, आणि ती नुसतं "हं" म्हणून गेली. आता काय बोलायचं! बारा गावचं पाणी प्यालेली बाई, माणसांची झडती घेण्यावर जिचं पोट चाललंय, ती अशी एका घासात सापडली. तिचं कामच ते होतं. एखादी कंपनी नवा माणूस घ्यायची म्हटली की त्याचा सगळा इतिहास-भूगोल हिच्या टेबलावर यायचा. जुन्या नोकरीच्या तारखा जुळतात का, पदवी खरी आहे का, पोलिसांत काही आहे का, राहतो म्हणतो तिथे राहतो का, आणि मधली वर्षं कुठे गायब होता. या गायब वर्षांवर तिचा फार डोळा. कागद कुणीही आणतं, पण माणूस कुठे काय लपवतोय ते त्याच्या ओळखीच्या माणसांच्या आवाजात सापडतं, असं ती नव्या मुलींना सांगायची. म्हणून तिने एक प्रश्न काढला होता. सगळं विचारून झालं, समोरचा सैलावला, आता फोन ठेवणार, की हळूच विचारायचं, "तुमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे द्याल का?" उत्तर काय येतं याला महत्त्वच नाही. सगळे "हो" म्हणतात. "हो"च्या आधी माणूस श्वास घेतो का, तेवढं ऐकायचं. श्वास घेतला की लिहायचं, शंकास्पद. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली दुसऱ्या कंपन्यांत गेल्या आणि जाताना हा प्रश्न घेऊन गेल्या. तिला त्याचा अभिमानच होता, खोटं कशाला बोला.

"तुमच्या भावांनी औषधांच्या एका गोदामात स्टोअरकीपरच्या जागेसाठी अर्ज केलाय," मुलगी म्हणाली, "ओळखीच्या व्यक्ती म्हणून तुमचं नाव दिलंय." तिने घास गिळला. ठोंब्याने आपल्याला न विचारता आपलं नाव दिलं? तिचा धाकटा भाऊ म्हणजे ठोंब्या, चाळिशीला आला तरी तिच्यासाठी ठोंब्याच. "बोला ना," ती म्हणाली. मुलीने पत्ता विचारला, स्वभाव विचारला, काही व्यसन वगैरे. सगळं ठरल्याप्रमाणे. मग म्हणाली, "आधीची नोकरी त्यांनी का सोडली, सांगू शकाल?" "सोडली कुठे, छाटणी झाली हो तिथे. त्यात गेला." "अच्छा," मुलगी म्हणाली, आणि मग जे बोलू नये ते बोलली. "त्यांनी अर्जात स्वतःहून सोडली असं लिहिलंय." कच्ची आहे, हिच्या मनात आलं. समोरच्याला कधी सांगायचं नसतं की उमेदवाराने काय लिहिलंय. माझ्याकडे असती तर दिवसभर कान उपटले असते. हे मनात चाललेलं असतानाच, गोड आवाजात, मुलगी म्हणाली, "आणि शेवटचं, मॅडम. तुमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे द्याल का?" आणि हिने श्वास घेतला. अगदी छोटा. मग म्हणाली, "म्हणजे काय, देईन की!" जरा मोठ्यानेच म्हणाली. मुलीने आभार मानले आणि फोन ठेवला. सफरचंदाचा उरलेला तुकडा हातात काळा पडत चालला होता.

ती जागेवर येऊन बसली. आधी तिने स्वतःला समजावलं. श्वास घेतला तो आपलाच प्रश्न आपल्यापुढे आला म्हणून. आपलं पोर दुसऱ्याच्या अंगणात खेळताना दिसलं की माणूस दचकेल नाही का? पण ही समजूत अर्ध्या तासात विटली, आणि खालून दुसरंच काहीतरी वर आलं. स्वतःहून सोडली. असं लिहिलंय त्याने. म्हणजे मला छाटणी सांगतो आणि त्यांना स्वतःहून सोडली. दोन्हीतलं एक खोटं, आणि या धंद्यात तिने पाहिलेलं होतं, दोन गोष्टी सांगणाऱ्याची बहुतेक वेळा तिसरीच खरी असते. हाकललेला माणूस कधी हाकललं म्हणत नाही. घरात छाटणी म्हणतो, अर्जात राजीनामा म्हणतो. का हाकललं, हे मात्र कुठेच नसतं. त्याची जुनी नोकरीही गोदामातच, सुटे भाग, चोरून विकायला सोपे. अगं, भाऊ आहे तो तुझा, ती मनाला म्हणाली. आणि मन तिलाच उलट म्हणालं, चोर कुणाचा तरी भाऊ असतोच. शेजारच्या टेबलावरची बाई विचारत होती, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "सफरचंद बाधलं." बाई हसली आणि तिला आल्याची गोळी दिली.

काही वर्षांपूर्वी वडील पडले तेव्हा ठोंब्या त्यांच्याजवळ राहत होता, आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, नवऱ्याबरोबर, आज राहते त्याच घरात. एक बाजू लुळी पडली होती. हात धरून उठवायचं, बसवायचं, भरवायचं, कूस बदलायची, आणि वडील म्हणजे जन्मात कुणाला पाण्याचा पेला मागितला नाही असा माणूस. भरवताना तोंड मिटून घ्यायचे. त्याच महिन्यात तिला विभागाचं प्रमुखपद मिळालं होतं. नवी खुर्ची, नव्या मुली, साहेबाची नजर. सुट्टी मागायला जीभ रेटत नव्हती, आणि न मागता बसणं त्याहून जड जात होतं. आठवड्याची सुट्टी वडिलांकडे काढायची आणि उरलेले दिवस आत काहीतरी कुरतडत राहायचं. अशात एके दिवशी ठोंब्याने जिना उतरताना सांगितलं, "ताई, आमच्याकडे छाटणी झाली. मी गेलो त्यात. तू कशाला तोंड उतरवतेस? बरंच झालं, बाबांपाशी कुणीतरी हवंच होतं." तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, अरेरे म्हणाली, आणि बसमध्ये बसल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच शरम वाटली. तो हलकेपणा तिला आजही आठवत होता. खिडकीतून वारा येत होता आणि ती चक्क गुणगुणत होती. वडील मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, "याला ठेवला नाही कुणी. बरा कामाला आला माझ्या." भाऊ समोरच असायचा, लापशी ढवळत, आणि नुसता हसायचा. तेव्हा तिला ते हसणं निर्लज्ज वाटलं होतं.

मनात पाल चुकचुकली ती त्यानंतर. तिच्या टेबलावर एका माणसाची पडताळणी आली होती आणि त्याला घेणारी कंपनी ठोंब्याचीच, सुट्या भागांचं तेच गोदाम, महिनाही तोच. ज्या महिन्यात माणसं काढली त्याच महिन्यात नवा माणूस घेतात? छाटणी अशी असते का? तिने त्या माणसाचं काम दुसऱ्या मुलीकडे सरकवलं आणि हात धुऊन आली. एक फोन करायचा अवकाश होता. पण आपल्या माणसाची आपणच चौकशी करायची नाही असा कंपनीचा नियम होता, आणि नियमामागे लपायला तिला बरं वाटलं. खरं म्हणजे तिला भीती होती, पलीकडून कुणी काहीतरी सांगेल आणि मग ते ऐकलंच नाही असं कधी करता येणार नाही. पुढे वडील गेले, ते भाड्याचं घर सोडलं, आणि ठोंब्या एक बॅग घेऊन हिच्याकडे राहायला आला. बाहेरच्या खोलीत झोपायचा, सकाळी उठून अंथरूण अशी घडी घालून ठेवायचा की तिथे कुणी झोपलं होतं हे कळू नये. तो आला त्याच आठवड्यात तिने कपाटाची किल्ली हलवली. आधी ती स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्यावर असायची, वर्षानुवर्षं. आता ती तांदळाच्या मोठ्या डब्यात गेली, पार तळाशी. रोजचा तांदूळ पुढच्या छोट्या डब्यातून घ्यायचा आणि छोटा डबा रविवारी ती स्वतः भरायची, त्यामुळे मोठ्यात हात घालायचं कुणाला कारणच नव्हतं. तरीही धंद्याची सवय. किल्लीची कडी ती भिंतीच्या बाजूला करून ठेवायची. कुणी काढून परत ठेवली तर कडी फिरलेली सापडेल. रविवारी तांदळात कोपरापर्यंत हात घालून ती चाचपायची आणि कडी भिंतीकडेच असायची. मग तिला बरं वाटायचं, आणि पुढच्या रविवारपर्यंत ते पुरायचं. नवऱ्याला एवढंच सांगितलं की खिळा ढिला झालाय, किल्ली पडते. तो म्हणाला, "अगं, तुझ्या हातात असतं तर तू लग्नाआधी मलाही तपासून घेतलं असतंस." "घेतलं होतं," ती म्हणाली. नवरा किती तरी वेळ हसत होता. त्याला ती थट्टा वाटली.

त्या संध्याकाळी घरी आली तर ठोंब्या कांदा चिरत होता. स्वयंपाक हल्ली बहुतेक तोच करायचा, कारण ती येईपर्यंत अंधारून यायचं आणि नवरा त्याहून उशिरा. "ताई, हात धू, चहा ठेवलाय," तो म्हणाला. तिने त्याच्या पाठीकडे पाहिलं. शर्ट विटलेला, पण इस्त्री कडक. मुलाखतीला घालून गेला होता तोच. वडील गेल्यापासून त्याने चार ठिकाणी प्रयत्न केले आणि चारही ठिकाणी त्या मधल्या वर्षांवरून गाडं अडलं. काय करत होतात, म्हणून विचारायचे, आणि तो घरी होतो म्हणून सांगायचा. या वेळी पहिल्यांदाच कुणीतरी पुढे नेलं होतं, आणि हे गेलं तर या वयात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही हे त्या दोघांनाही कळत होतं. "तुला फोन आला का गं त्यांचा?" त्याने मागे न बघता विचारलं. "आला होता." "काय विचारलं?" "नेहमीचंच." "हं," म्हणाला आणि पुन्हा सुरी चालू. झालं! पुढे काही विचारलंच नाही. का नाही विचारलं? ज्याची नोकरी टांगणीला लागलीय तो माणूस खोदून खोदून विचारेल की कांदा चिरत बसेल? ज्याला उत्तर ठाऊक असतं तो विचारत नाही. नाहीतर ज्याला उत्तराची भीती असते तो. ती चहा पीत त्याचे हात बघत राहिली. नखं स्वच्छ, कापलेली. वडिलांची नखंसुद्धा तोच कापायचा. हे आठवलं आणि तिने कप खाली ठेवला, पण संशय काही कपाबरोबर खाली गेला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच जिन्यात गेली आणि नियम गुंडाळून ठेवून तिने फोन लावला. सुट्या भागांच्या गोदामाचे जुने व्यवस्थापक अजून तिथेच होते. तिने आवाज बदलला नाही, कामाचा आवाज होताच, सरावलेला. "दोन मिनिटं बोलू शकता का?" भावाचं पूर्ण नाव आपल्याच तोंडून परक्यासारखं घेताना तिला कसंसंच झालं. "त्यांना कामावरून काढलं होतं का?" "काढलं?" म्हातारा जवळजवळ ओरडलाच. "कोण म्हणतो काढलं? अहो, सोडून गेला तो. वडील अंथरुणाला खिळले होते त्याचे. मी म्हटलं सुट्टी घे. तर म्हणाला, किती दिवसांची घेऊ ते सांगता येत नाही, आणि वडील जाण्याची वाट बघत सुट्टीचे दिवस मोजायचे मला जमणार नाही. आता यावर माणूस काय बोलणार?" तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "वर मला सांगून गेला, घरून कुणी विचारलं तर छाटणी झाली म्हणा. बाबा मानी आहेत, आपल्यासाठी मुलाने नोकरी सोडली असं कळलं तर अन्न टाकतील. मी म्हटलं, बहीण आहे ना तुला? तर म्हणाला, तिला आत्ताच मोठी जागा मिळालीय, तिला कळलं तर ती धड तिथेही बसणार नाही आणि इथेही येऊ शकणार नाही." जिन्यातून कुणीतरी खाली गेलं, ती भिंतीला चिकटून उभी राहिली. "त्याच्या जागी आम्ही एक घेतला," म्हातारा सांगत होता, "तुमच्यासारख्याच कुणीतरी चौकशी करून दिलेला. वर्षभरात पळाला." तिला आता फोन ठेवायचा होता. पण तोंडातून सवयीने निघालंच. "तुमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे..." "अहो, होतीच!" म्हाताऱ्याने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "गोदामाचीही होती आणि माझ्या घराचीही होती. काल एक मुलगी हेच विचारत होती. तिलाही सांगितलं. ती म्हणाली, घरच्यांनी वेगळं सांगितलंय. मी म्हटलं, बाई गं, घरच्यांना ठाऊकच नाही तर ते काय सांगणार?"

मध्ये श्वास नव्हता. तिने तो शोधला होता, कान टवकारून, अगदी शेवटपर्यंत, आणि तो नव्हता. ती पायरीवर बसली. साडीला धूळ लागेल म्हणून एरवी ती तिथे कधी बसत नसे. आधी रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, त्याचाच राग, की मेल्या, मला तरी सांगायचंस! वडील गेल्यावर तरी सांगायचंस! मग त्या रागालाही धरायला काही उरलं नाही. कारण तिला एक नियम आठवला होता. दोन ठिकाणची माहिती जुळली नाही तर कुणाची खरी धरायची, असं मुली नेहमी विचारायच्या, आणि तिने ठरवून दिलं होतं की जवळच्याची धरा. जुना साहेब भिडेखातर चांगलं बोलेल, पण सख्खं माणूस उगाच आपल्या माणसाच्या विरुद्ध बोलत नाही. किती शहाणपणाचं वाटलं होतं तेव्हा. तिने त्या मुलीला परत फोन लावला. "काल मी चुकीचं सांगितलं. मला माहीत नव्हतं. त्याने स्वतःच सोडली होती, वडिलांसाठी. आणि किल्लीचं म्हणाल तर..." "मॅडम," मुलगी नम्रपणे म्हणाली, "मी समजू शकते. पण आम्ही पहिलं उत्तर धरतो. नंतर फोन आला म्हणजे घरात बोलणं झालेलं असतं." "घरात काही बोलणं झालेलं नाही हो!" "हो मॅडम," मुलगी म्हणाली, आणि त्या "हो"वरून तिला कळलं की ती विश्वास ठेवत नाहीये. बरोबरच होतं. तिनेही ठेवला नसता. शिकवणारीचं नाव विचारावं असं तिला फार वाटलं, पण विचारलं नाही.

त्या दिवशी ती लवकर निघाली. घरात कुणी नव्हतं. चपला काढून ती सरळ स्वयंपाकघरात गेली, मोठा डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला. कडी भिंतीकडे. तिने किल्ली काढली, पदराला पुसली आणि दाराआडच्या खिळ्यावर अडकवली. खिळा काही ढिला नव्हता. तेवढ्यात दार वाजलं आणि ठोंब्या भाजीची पिशवी घेऊन आत आला. तिला या वेळी घरात बघून थबकला. "ताई? बरं नाही का?" "बरी आहे." त्याने पिशवी ओट्यावर ठेवली, मटार एका बाजूला काढले आणि त्यांच्याकडेच बघत म्हणाला, "ते औषधवाल्यांचं नाही झालं. आत्ता फोन आला वाटेत. घरची माहिती जुळत नाही म्हणाले." "मी छाटणी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. तो जरासा हसला. लापशी ढवळताना हसायचा तसाच. "मग बरोबरच सांगितलंस. मीच तसं सांगितलं होतं तुला. नाव देताना लक्षात यायला हवं होतं, डोक्यातच आलं नाही बघ माझ्या. किती वर्षं झाली, मलाच ते खरं वाटायला लागलं होतं." "मी तुझ्या जुन्या साहेबांना फोन केला आज." त्याने पिशवी रिकामी करून तिची घडी घातली. मग म्हणाला, "आज केलास?" एवढंच. त्या शब्दात वावगं असं काही नव्हतं, पण तो तिला आतपर्यंत लागला.

तिने खिळ्याकडे हात केला. "किल्ली परत इथे लावलीय. कपाटातलं काही लागलं तर..." त्याने वळून पाहिलं. "तांदळात बरी होती की." तिचा हात खिळ्यावरच राहिला. "तुला माहीत होतं?" "ताई, छोटा डबा रविवारपर्यंत पुरतो का तीन माणसांना? मी दर बुधवारी भरतो मोठ्यातला. पहिल्या बुधवारीच हाताला लागली." इतक्या रविवारी डबा कधी रिकामा कसा सापडला नाही, हे तिला, तिला, एकदाही सुचलं नव्हतं. "पण कडी..." "कडी तू भिंतीकडे करायचीस ना. तशीच ठेवायचो परत." तो मटार सोलायला बसला. एक दाणा घरंगळत तिच्या पायाशी आला. "वाईट वाटलं असेल तुला," ती म्हणाली. "वाटलं ना. त्या दिवशी जेवलो नव्हतो मी. तुला सांगितलं, पोट बिघडलंय." तिला तो दिवस आठवला. तिने त्याला ओवा दिला होता. "मग बोलला का नाहीस रे? एका शब्दाने बोलला असतास तरी..." त्याने शेंग फोडली, दाणे काढले, साल बाजूला टाकलं. आवाज चढलेला नव्हता, रागही दिसत नव्हता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. "काय बोलणार होतो? किल्ली सापडली म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हणजे शोधत होतास."

नाही रे ठोंब्या, असं कसं म्हटलं असतं मी, असं तिला ताबडतोब म्हणायचं होतं. शब्द तयार होते. पण तोंड उघडलं आणि आधी श्वास आला, अगदी छोटा. त्याने तो ऐकला. तो उठला, छोटा डबा खाली काढला आणि तांदूळ धुवायला लागला.